नाव कॉरलला, नळी नोलीनला

"डोळे मीट, नोल. कुत्रं आधी डोळ्यांनी बघायचं नसतं."

आईचा तो आवाज नोलीनच्या कानात अजून तसाच आहे, थोडा खरखरीत, थोडा हसरा. सफरचंदं भरायच्या जुन्या शेडमध्ये उलट्या घातलेल्या खोक्यावर बसून आई कुत्र्यांचे लांब कान विंचरायची आणि विंचरता विंचरता गुणगुणायची. शब्द तिचे स्वतःचे. चाल कधी चर्चमधली, कधी मेंढ्या कातरणाऱ्यांची.

रूपाला भुलू नको, रूप वाऱ्याचं गं पान
आधी लाव माझ्या बाई, छातीला तुझा कान

मग ती गळ्यातली नळी काढून नोलीनच्या कानांत अडकवायची. खरं तर तो स्टेथोस्कोप. गावातल्या म्हाताऱ्या नर्सबाई निवृत्त झाल्या तेव्हा आईने त्यांच्याकडून मागून आणलेला. पण घरात त्याला त्या भारी नावाने कुणी हाक मारली नाही, ती कायम 'नळी'च. तिचं दुसरं टोक एखाद्या पिल्लाच्या कोवळ्या छातीवर टेकवून आई विचारायची, "काय ऐकू येतंय?"

"घोडा. छोटासा घोडा पळतोय."

"एकटाच पळतोय ना? का त्याच्यामागून कुणी झाडू ओढत चाललंय?"

"एकटाच."

"मग बरंय."

झाडूचा आवाज आईने फार जवळून ऐकला होता. बिस्किट नावाची त्यांची पहिली कुत्री दिसायला परीसारखी, पण ऐन उमेदीत खोकायला लागली आणि आईच्या मांडीवर खोकता खोकताच गेली. ही कॅव्हेलियर जातच तशी. मांडीवर मावणारी, डोळ्यांत पाणी घेऊन जन्मलेली, जीव लावणारी. आणि हृदय मात्र उसनं आणल्यासारखं, लवकर थकणारं. बिस्किट गेल्यावर नळी घरात आली.

धाकट्या बहिणीला, कॉरलला, इतका वेळ गप्प बसवत नसे. एखाद्या पिल्लाच्या गळ्यात सुतळी बांधून, हनुवटी वर करून ती शेडच्या दारातून अशी मिरवत जायची की सफरचंदं निवडणाऱ्या बायका हातातलं काम टाकून टाळ्या वाजवायच्या. आईचा कंगवासुद्धा थांबायचा. "बघा बघा, राणीसाहेब निघाल्या!"

मग नोलीनला घोडा ऐकू येईनासा व्हायचा. नळी कानांत, आणि डोळे दारात.

*

आई गेली त्या हिवाळ्यात दोन गोष्टी वाटल्या गेल्या. आमच्याकडे कुत्री पाळून पिल्लं काढणाऱ्या प्रत्येक घराचं एक नाव असतं. त्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाच्या नावाआधी ते लागतं, आडनावासारखं. आईचं नाव होतं 'टीट्री'. बेटावर होबार्टपासून लॉन्सेस्टनपर्यंत कुठेही ते नाव घेतलं की लोक खुर्ची पुढे सरकवायचे. अंथरुणाला खिळलेली आई म्हणाली, "नाव कॉरलला द्या. ती चारचौघांत उभी राहते." मग नोलीनकडे वळून, जरा दम खाऊन, "आणि नोलला माझी नळी."

नोलीनने मान डोलावली. घरी येऊन तिने ती नळी स्वयंपाकघरातल्या खणात टाकली. सुतळीचा गुंडा, अर्ध्या मेणबत्त्या, संपलेल्या बॅटऱ्या असं सगळं जिथे पडून असतं तिथे. नवरा डेस म्हणाला, "अगं, आईची आठवण आहे ती."

"आठवण कॉरलला मिळाली. मला भंगार मिळालं," नोलीन म्हणाली.

तेव्हा तिच्या आत जी ठिणगी पडली, ती कधी विझली नाही. कॉरलच्या कुत्र्यांची चित्रं कुत्री पाळणाऱ्यांच्या क्लबच्या मासिकात आली की नोलीन ते पान पालथं घालून त्यावर बटाटे सोलायची. कॉरलचा बँजो, तांबूस-पांढरा, कपाळावर बोटाने टेकवल्यासारखा टिळा, कुत्र्यांच्या शोमध्ये रिंगणात उतरला की पंचांच्या चेहऱ्यावर ऊन पडायचं. नोलीन टाळ्या वाजवायची. सगळ्यांत शेवटी सुरू करायची आणि सगळ्यांत आधी थांबायची.

तिची स्वतःची एकच होती, वॅटल. वॅटलची पिल्लं व्हावीत, ती निरोगी असावीत, आणि एकदा तरी कुणी म्हणावं की ही नोलीनच्या घरची, एवढीच तिची इच्छा. त्यासाठी तिने काही बाकी ठेवलं नाही. होबार्टला नेऊन डोळे तपासून आणले. गुडघ्याची वाटी जागची हलत नाही ना, हे डॉक्टरांनी चारदा चाचपून पाहिलं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून ती मेलबर्नला पाठवली, आईबापांकडून काही खोट उतरली आहे का ते कळायला. वजन बेताचं ठेवलं. डेसने टेबलाखालून सॉसेजचा तुकडा दिला की त्याच्या नडगीवर लाथ बसायची. एवढं झाल्यावर ती कॉरलकडे गेली आणि मान खाली घालून तिने बँजो मागितला.

कॉरल चहा ढवळत म्हणाली, "वॅटल गोड आहे गं, नोल. पण नाक जरा लांबच नाही का? आधी माझ्या टान्सीची पिल्लं होऊ दे बँजोपासून. मग बघू."

मग बघू. हे दोन शब्द नोलीन सगळ्या वाटेभर चावत आली.

*

सप्टेंबरात, टेकड्यांवर वॅटलची, म्हणजे पिवळ्या फुलांच्या बाभळीची, झाडं पिवळीजर्द झाली की आमच्या क्लबचा 'हृदयाचा दिवस' असतो. मेलबर्नहून हृदयाची डॉक्टरीणबाई विमानाने येते, हुऑनविलच्या हॉलमध्ये एक खोली बंद करून बसते, आणि सगळं खोरं आपापली कुत्री काखेत घेऊन रांगेत उभं राहतं. त्या दिवसाचा एक नियम आहे, कुणी लिहिलेला नाही, पण कुणी मोडतही नाही. खोलीतून बाहेर आलेल्याला "काय झालं?" असं विचारायचं नाही. ज्याच्या कुत्र्याचं हृदय साफ, तो आपोआप चहाच्या टेबलाकडे वळतो. ज्याचं नाही, तो सरळ गाडीकडे जातो. गाडीकडे जाणाऱ्याकडे बघायचं नाही. त्या वेळी सगळ्यांना एकाएकी खिडकीबाहेरच्या नदीत काहीतरी दिसतं.

डॉक्टरीणबाईने वॅटलच्या छातीवर किती तरी वेळ नळी फिरवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग कान मोकळे करून म्हणाली, "साफ आहे. आईबाप?"

"दोघंही पाच वर्षं ओलांडून गेलीत. दोघंही साफ."

"मग खुशाल फळवा. पण लक्षात ठेवा, हे आजचं हृदय आहे. पुढच्या वर्षी पुन्हा ऐकवायला आणा."

नोलीन चहाच्या टेबलाकडे वळली तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. टेबलामागे फे रॅन्सली, क्लबची सेक्रेटरी, बशीत लॅमिंग्टन, चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन, मांडत होती. "घे, मोठा घे. तुझा हक्कच आहे आज!" ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "बहीण नाही दिसली?"

"मेलबर्नला गेलीय. शो आहे."

"मग बँजोचं ऐकायचं राहिलंच की."

"मागच्या वर्षीचं आहे ना साफ."

"मागच्या वर्षीचं?" फेची भुवई वर गेली आणि लगेच खाली आली. "असो. बँजोच तो. त्याला काय होतंय!"

नोलीनने अर्धा लॅमिंग्टन बशीत परत ठेवला. दुसऱ्या कुणाचा कुत्रा असता तर यंदाचं हृदय ऐकवल्याशिवाय फेने त्याला एकाही मादीजवळ फिरकू दिलं नसतं. पण बँजो टीट्रीचा. नावाची सावली एवढी दाट की तिच्यात वर्षभराची चूक निवांत झोपून जाते.

घरी येऊन तिने डेसला वॅटलची बातमी सांगितली. डेसने तिला उचलायचा प्रयत्न केला, पाठ धरली, दोघं हसली. तेवढ्यात फोन वाजला. मेलबर्नहून कॉरल, मागे नुसता कल्लोळ. "नोल! बँजो जिंकला! सगळ्या जातींत, सगळ्यांत पहिला! अगं, आई हवी होती गं आज!"

"हो," नोलीन म्हणाली. "छानच झालं."

वॅटलच्या हृदयाबद्दल कॉरलने विचारलं नाही. नोलीनने सांगितलंही नाही.

*

बोटीने परत आल्यावर कॉरल घरी न जाता आधी नोलीनच्या दाराशी थांबली. एका हातात बँजो, दुसऱ्या हातात निळी-जांभळी रिबन, तिच्या शेपट्या जमिनीला टेकतील एवढी मोठी.

"नोल, देवासारखी धावून ये. टान्सी माजावर आलीय. याला घरी ठेवला तर दार खाऊन टाकेल, जेवणखाण बंद, रडून गाव गोळा करेल. डॉक्टर तिचं रक्त तपासतायत, योग्य दिवस सांगतील. तोवर तुझ्याकडे राहू दे. राहील ना माझा राजा मावशीकडे?"

"राहील," डेस मागून म्हणाला. "मावशी फक्त त्याच्याकडे अशी बघेल, जसं काही त्याने हिचं लग्न मोडलंय."

कॉरल खळखळून हसली. नोलीनही हसली, पण ओठांनी.

राग धरायचा तर बँजोने तीही सोय ठेवली नाही. पहिल्याच संध्याकाळी तो तिच्या मांडीवर चढला, दोनदा गिरकी घेतली आणि तिच्या मनगटावर हनुवटी ठेवून झोपी गेला. त्याच्या कानांचे केस रेशमासारखे. नोलीनला ते रेशीमही बोचत होतं. एवढं रूप एकाच घरी का द्यावं? वॅटल शेजारी बसून तिच्याकडे बघत होती, आपल्या जरा लांब नाकाने उसासे सोडत. "बघतेस काय," नोलीन तिला म्हणाली, "तुझं हृदय साफ आहे, कळलं? सोन्यासारखं आहे."

आणि ते सोनं पुन्हा एकदा ऐकावं असं तिच्या मनात आलं. डॉक्टरीणबाईने ऐकलं, मग आपण का नाही? दुसऱ्या दिवशी दुपारी, डेस बागेत गेल्यावर, तिने खण उघडला. सुतळीच्या गुंड्याखालून नळी बाहेर काढली, पुसली, कानांत घातली. हीटर बंद केला. फ्रिजची घरघर नको म्हणून त्याचंही बटण बंद केलं. वॅटलच्या छातीवर ते थंडगार वर्तुळ टेकवलं.

घोडा. टापा मोकळ्या, लयीत, दूर माळावर.

नोलीनच्या डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षांनी ती हा आवाज ऐकत होती! तेवढ्यात बँजोने मध्ये नाक खुपसलं, हेव्याने, जसं काही सगळे लाड त्याचेच. "ये, तुझाही घोडा बघू दे," ती म्हणाली आणि नळी त्याच्या छातीवर सरकवली.

घोडा होता. पण एकटा नव्हता. प्रत्येक टापेमागून काहीतरी घासत येत होतं. शूऽ. शूऽ. ओल्या फरशीवरून कुणी झाडू ओढत न्यावा तसं.

तिने नळी काढली, कान चोळले, पुन्हा लावली. पुन्हा वॅटल. पुन्हा बँजो. शूऽ.

आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी तिच्या छातीत आधी काही गोडच सांडलं. उन्हाळ्यात पहिलं चेरीचं फळ दाताखाली फुटावं तसं. वर्षानुवर्षं कुणी दाबून धरलेलं दार आपोआप उघडलं होतं. राणीसाहेबांचा राजा! पाचही वर्षांचा झाला नाही, आणि छातीत झाडू. पाच वर्षांच्या आत ज्याच्या हृदयात आवाज आला, त्याची पिल्लं कुणी मागत नाही. मागू नयेत, असंच आमच्याकडे मानतात.

बँजोने तिचा हात चाटला. मग थांबला, मान जरा खाली घातली, आणि एकदाच, अगदी हळू, खोकला.

नोलीनच्या तोंडातली ती चेरी कडू झाली.

*

डेसला तिने रात्रीच्या जेवणापूर्वी सांगितलं. त्याने बूट काढता काढता ऐकून घेतलं. "मग सांग तिला."

"सांगितलं तर म्हणेल, जळतेस म्हणून बोलतेस."

"जळतेसच की."

"म्हणूनच तर!"

डेस बुटातली माती झटकत बसला. "म्हणजे तू जळत नसतीस तर खरं बोलली असतीस, आणि आता खरं असूनही खोटं वाटेल. अवघड आहे बुवा. माझ्यासारखा साधा मत्सर ठेवायचास. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा."

"चेष्टा नको, डेस. तिने मला बँजो नाकारलाय. सगळ्या क्लबला ठाऊक आहे. आता मीच उठून म्हणायचं की तो बरा नाही? द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हाच ठरेन मी."

"आणि न सांगितलंस तर?"

ती ताटं मांडायला लागली. उत्तर तिच्यापाशी होतं. न सांगितलं तर पिल्लं होतील. गोजिरी, टिळ्याची, टीट्रीची. घराघरांत जातील. फ्रँकलिन गावातल्या एका एकट्या म्हाताऱ्याकडेही एक जाईल. बायको गेल्यापासून तो कॉरलच्या पिल्लाची वाट बघत बसलाय. मग एका वर्षी, नाहीतर दुसऱ्या वर्षी, हृदयाच्या दिवशी बँजो त्या खोलीतून बाहेर येईल. आणि कॉरल चहाच्या टेबलाकडे न वळता सरळ गाडीकडे जाईल. सगळे नदीकडे बघतील. एकटी नोलीन नाही बघणार नदीकडे.

हे चित्र तिने मनात किती वेळा उलगडलं आणि घडी घालून ठेवलं! प्रत्येक वेळी चित्राच्या कडेला तो म्हातारा यायचा, मांडीवर खोकणारं कुत्रं घेऊन.

सकाळी फेचा फोन आला. "काय गं, राजा तुझ्याकडे मुक्कामाला आहे म्हणे! भाग्य आहे बाई कॉरलचं. आईचं नाव कसं उजळलं! आणि तू वाईट नको वाटून घेऊस हं. तुझी वॅटलपण गोडच आहे. प्रत्येकीच्या नशिबात थोडंच टीट्री असतं?"

नोलीनच्या जिभेवर ते वाक्य येऊन बसलं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. फेला सांगितलं की दुपारपर्यंत खोऱ्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ते शिजलं असतं. कॉरलच्या आधी सगळ्यांना कळलं असतं.

"फे..." ती म्हणाली.

"काय गं?"

पलीकडे फे श्वास रोखून थांबली. तिला वास लागला होता. तो उतावीळ, भुकेला शांतपणा नोलीनने ओळखला. गेली कित्येक वर्षं तो तिचा स्वतःचाच होता.

"काही नाही," ती म्हणाली. "लॅमिंग्टन छान झाले होते."

*

दुपारी कॉरलची गाडी आली. हॉर्न वाजवतच आली.

"उद्याच!" दार उघडायच्या आत ती ओरडली. "डॉक्टर म्हणाले, रक्ताचा रिपोर्ट बरोबर आलाय, उद्याच जोडी लावा. कुठाय माझा नवरदेव? अगं, तोंड असं काय केलंयस, नोल? लिंबू चोखलंस की काय?"

"चहा घे."

"चहा नको, वेळ नाही. टान्सीला आंघोळ घालायचीय." तिने बँजोला उचलून गालाला लावलं आणि मग, हात मोकळा नसल्यामुळे, कोपराने नोलीनला ढोसलं. "ऐक ना. येताना गाडीत ठरवलं मी. या वेतातली पहिली मादी तुला. हो, तुलाच! टीट्री नावासकट. आईला आवडलं असतं."

नोलीनने एप्रनला हात पुसले. कित्येक वर्षं जे मागायला तिची जीभ रेटली नाही, ते कॉरलने गाडीच्या दाराशी, कोपराने ढोसत, असं सहज देऊन टाकलं होतं. राणीसाहेबांनी चालता चालता गळ्यातला हार काढून फेकावा तसं. तो हार घ्यायचा, की गप्प बसायचं, की बोलायचं? घेतला तर झाडूसकट घ्यावा लागणार. आणि तरी, लाज वाटते सांगायला, एक क्षणभर हात पुढे झालाच होता. टीट्री. आपल्या घरचं टीट्री.

कॉरलने बँजोला मागच्या सीटवरच्या पेटीत ठेवलं, जाळीचं दार लावलं. रिबन अजून आरशाला लटकत होती. वॅटल पायरीवर बसून हे सगळं बघत होती, निवांत, आपल्या साफ हृदयाची.

"बोल की काही," कॉरल म्हणाली. तिचं हसू जरासं हललं. "आनंद नाही झाला?"

नोलीनने एप्रनच्या खिशात हात घातला. नळी तिथेच होती. सकाळपासून ती हातानेच चाचपत होती. ती बाहेर काढून तिने कॉरलच्या समोर धरली. आईच्या मानेच्या घामाने पिवळी पडलेली ती रबराची नळी बघून कॉरलचा गाडीच्या दारावरचा हात खाली आला.

"ही अजून आहे तुझ्याकडे?" ती हळूच म्हणाली.

"आहे. आधी माझं एक ऐकून घे, कॉरी, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्या मनात काय आहे ते तुला शोधत बसावं लागणार नाही. मी जळते तुझ्यावर. आईने तुला नाव दिलं तेव्हापासून नाही, त्याच्याही आधीपासून. तू शेडच्या दारातून चालत जायचीस आणि आई विंचरायची थांबायची, तेव्हापासून. बँजो जिंकला त्या दिवशी मी आत जाऊन दार लावून घेतलं होतं. वॅटलला तू नको म्हणालीस, ते तर मी अजून गिळलेलं नाही. आणि काल मला जे कळलं, त्याने मला आधी आनंद झाला. हो, आनंदच झाला. हे सगळं खरं आहे, हवं तर क्लबात सांग. पण म्हणून दुसरं खोटं होत नाही. टान्सीशी उद्या याची जोडी लावू नकोस. घोड्यामागून झाडू येतोय, कॉरी. बँजोच्या हृदयात आवाज आहे."